डॅशबोर्डमधल्या एका खाचेचा इतिहास : गाडीतला कॅसेट प्लेअर दुरुस्त करावा की बदलावा?

१/ जुनी गाडी. कॅसेट आत सरकते, गाणे सुरू होते. पण गायकाचा आवाज जडावतो, सूर डगमगतात आणि ‘खट्ट’ असा आवाज होऊन सारे थांबते. कॅसेट बाहेर ओढावी तर मागून तपकिरी फितीचा गुंता येतो. मालकापुढे दोन वाटा उरतात : दुरुस्ती किंवा बदल. प्रश्न कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे.

२/ मोटारीत संगीत प्रथम आले ते रेडिओच्या रूपाने. अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीसाठी रेडिओ काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. परंतु रेडिओवर केंद्र निवडता येते, गाणे नाही. धावत्या गाडीत आपल्या पसंतीचे संगीत ऐकण्याची आकांक्षा पूर्ण व्हायला आणखी जवळजवळ चार दशके जावी लागली.

३/ पहिला मोठा प्रयत्न १९५६ चा. क्रायस्लर कंपनीने डॅशबोर्डखाली चक्क तबकडीयंत्र बसवले : ‘हायवे हाय-फाय’. त्याच्या खास तबकड्या मिनिटाला केवळ १६⅔ फेरे घेत. पण त्या दुसऱ्या यंत्रांवर सहसा वाजत नसत, निवड तुटपुंजी होती आणि यंत्र नाजूक होते. काही वर्षांतच हा प्रयोग गुंडाळला गेला.

४/ त्यानंतर बिल लिअर आले. ‘लिअरजेट’ विमानांचे तेच लिअर. त्यांच्या पुढाकाराने साकारलेली ‘एट-ट्रॅक’ टेप फोर्डने १९६६ च्या मॉडेलांत दिली. तिच्यातली फीत अखंड वेटोळ्यात फिरे. सोय मोठी होती, पण फीत उलट गुंडाळून मागे जाण्याची तजवीज नव्हती. तरीही अमेरिकेत ती काही काळ लोकप्रिय झाली.

५/ अखेर जिंकली ती सर्वांत लहान वस्तू. लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखाली फिलिप्सच्या बेल्जियममधल्या चमूने घडवलेली कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. फिलिप्सने तिचे तंत्र इतर उत्पादकांना खुले केले आणि जगभर एकच आकार रूढ झाला. १९६८ मध्ये फिलिप्सचा मोटारीसाठीचा रेडिओ-कॅसेट प्लेअर बाजारात आला.

६/ आता यंत्राच्या पोटात डोकावू. फितीची रुंदी ४ मिलिमीटरहूनही कमी. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. मोटर रबरी बेल्टने जड चक्र फिरवते, चक्राचा बारीक दांडा फितीला पुढे नेतो आणि ‘पिंच रोलर’ हे रबरी चाक तिला दांड्यावर दाबून धरते. वेग स्थिर राहिला तर सूर स्थिर. सारा डोलारा रबरावर उभा!

७/ आणि रबराचा वैरी म्हणजे ऊन. बंद काचांची गाडी उन्हात तापते, वर्षे लोटतात. बेल्ट सैलावतो, तडकतो किंवा डांबरासारखा चिकट होतो. आवाज डगमगतो तो यामुळे. पिंच रोलर कडक व गुळगुळीत होतो. पुढे येणारी फीत गुंडाळून घेणारी चाकी अडली, की फीत रोलरभोवती गुरफटते; यालाच लोक ‘टेपने कॅसेट खाल्ली’ म्हणत. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत अतिशय पातळ, म्हणून ती गाडीत वापरू नये असे सांगितले जाई.

८/ म्हणजेच, मृत भासणारे यंत्र पुष्कळदा मृत नसते. नवा बेल्ट, स्पिरिटने पुसलेले हेड, बदललेला रोलर, थोडे वंगण. अनेकदा एवढ्यावर भागते. प्लास्टिकचे दातेरी चाक तुटले असेल किंवा हेड झिजले असेल, तर मात्र तसाच भाग दुसऱ्या जुन्या यंत्रातून मिळवावा लागतो.

९/ भारतात ही विद्या रस्त्यावर बहरली. आखातात कामाला गेलेल्यांनी ‘टू-इन-वन’ आणले आणि १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींनी बाजार व्यापला. ग्रामोफोन कंपनीची दीर्घ सद्दी ओसरली. टी-सिरीजसारखे नवे उत्पादक उभे राहिले. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते कॅसेटींमुळेच खेडोपाडी पोहोचली. संशोधक पीटर मॅन्युएल यांनी या स्थित्यंतरावर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला.

१०/ कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी असो की १९८३ पासूनची मारुती ८००, स्टिरिओ बहुधा गाडी घेतल्यावर बाहेरून बसवला जाई. मागच्या काचेखालच्या फळीवर स्पीकर, दारांतून ओढलेल्या तारा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे भाग मिळत. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते कारागिरांच्या बोटांत होते.

११/ मग बदलणे इतके सोपे का झाले? त्याचे कारण एक जर्मन मानक. रेडिओच्या दर्शनी भागाचे माप सुमारे १८० × ५० मिलिमीटर असावे, असे ‘डिन’ संस्थेने ठरवले आणि १९८४ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. कोणत्याही कंपनीचे यंत्र त्या खाचेत बसू लागले. त्याच वर्षी मोटारीसाठीचे सीडी प्लेअरही बाजारात आले. ज्या खाचेने कॅसेटला घर दिले, तिनेच तिची गच्छंती सुलभ केली.

१२/ अर्थात खाच जुळली म्हणजे तारा जुळल्या असे नाही. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार थेट पत्र्याला जोडलेली असे. आजच्या स्टिरिओला ती जोडणी चालत नाही, अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. अशा गाडीत नवा स्टिरिओ तसाच बसवणे म्हणजे त्याची होळीच.

१३/ अमेरिकेच्या बाजारात कारखान्यातूनच कॅसेट प्लेअर बसवून येणाऱ्या शेवटच्या गाड्यांत २०१० च्या लेक्सस एससी ४३० चे नाव घेतले जाते. आज नव्याने बनणारी बहुतेक कॅसेट यंत्रे तनाशिन या जपानी कंपनीच्या एका साध्या, स्वस्त आराखड्याच्या नकला आहेत. गाडीतून उपटून भंगारात टाकलेले ऐंशी-नव्वदच्या दशकांतले उत्तम यंत्र तसेच पुन्हा बनणार नाही.

१४/ म्हणून जाणकार तिसरी वाट धरतात. कुणी मूळ प्लेअरच्या आत ब्लूटूथचे छोटे सर्किट बसवतो. दर्शनी भाग, बटणे, दिवा सारे जुनेच राहते. कुणी कॅसेटच्याच आकाराचा अ‍ॅडाप्टर वापरतो. त्याचे चुंबकीय हेड प्लेअरच्या हेडला फोनमधले गाणे ऐकवते. मात्र त्यासाठीही आतली यंत्रणा फिरती असावी लागते. आणि नवा स्टिरिओ बसवायचाच असेल, तर जुना तारांसकट जपून ठेवला जातो.

१५/ किल्ले आणि ताम्रपट जपायचे असतात हे सर्वांना पटते. परंतु एका पिढीने प्रवासात काय ऐकले, कसे ऐकले, याचा पुरावा डॅशबोर्डमधल्या त्या खाचेतही आहे. कित्येकदा तो वाचतो की भंगारात जातो, हे ठरते एका रबरी बेल्टवर. (समाप्त)