तळटीप : काळा चबुतरा

१. काळा चबुतरा : औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) क्रांती चौकातील जागा. जून १८५७ मध्ये मोमीनाबादहून (आजचे अंबाजोगाई) आणलेले हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ औरंगाबादेत बिथरले. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार, ही स्वारांची धास्ती. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली. या चबुतऱ्यापाशी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले.

लेखकाने परकी फौजेवर बोट ठेवले ते बरोबरच, पण पैशाची बाजू सुटली आहे. या कंटिंजंटचा पगार निजामाच्या तिजोरीतून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा. आधी पामर कंपनीच्या पेढीचे जबर व्याज, मग पगार थकला म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचे वाढते येणे. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेला. नळदुर्ग-धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही.

मूळ मजकुरात या स्वारांना ‘आजच्या दहशतवाद्यांचे पूर्वज’ म्हटले आहे. ते आम्हाला मान्य नाही. निःशस्त्र प्रवाशांनी भरलेल्या लोकलमध्ये बॉम्ब ठेवणे वेगळे. आपल्याच माणसांवर शस्त्र धरायला नकार देणे वेगळे. — संपादक