जामखेडचे एक पांघरूण

कामातले शिक्षण म्हटले की आपल्या मोहल्ल्यात उस्ताद आणि शागीर्द आठवतात. पोरगा गॅरेजमध्ये पाना उचलून देत तीन-चार वर्षे काढतो, शिव्या खातो आणि एक दिवस इंजिन उघडतो. या रीतीने हजारो घरे जगली. तिच्यात एक खोट मात्र आहे. शेवटची खुबी सांगायची की नाही, हे उस्तादाच्या मर्जीवर असते. हल्ली मोठ्या कंपन्या ‘एकमेकांकडून शिका’ असे सांगू लागल्या आहेत आणि ते नवीन असल्यासारखे सांगतात. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हा प्रयोग पन्नास वर्षांपूर्वीच झाला, आणि ज्यांना शाळा माहीत नव्हती अशा बायांनी तो केला.

वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले. बीडच्या सीमेवरचा हा दुष्काळी तालुका. 1971 च्या सुमारास त्यांच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावोगावी पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीने एकटीने खेड्यात राहायचे कसे, आणि तिचे ऐकणार कोण? तेव्हा एका सरपंचानेच सुचवले की गावातलीच बाई घ्या.

मग आल्या त्या संसारी, बहुतेक निरक्षर बाया. आठवड्याला जामखेडला यायचे, मुक्काम करायचा, शिकायचे आणि गावी परतायचे. पहिली अडचण आजारांची नव्हतीच. वेगवेगळ्या जातींच्या बाया एका पंगतीला बसेनात. आरोळ्यांनी त्यावर भाषण दिले नाही. कित्येकींना मिळून घ्यावे लागेल एवढे मोठे पांघरूण दिले. जामखेडची थंडी ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचे सांगायला नको! मला तर हाच त्या शिक्षणातला पहिला धडा वाटतो. जिच्या शेजारी झोपता येत नाही, तिच्याकडून शिकणार काय?

डॉक्टर शिकवत, पण खरे शिक्षण त्यानंतर सुरू होई. गेल्या आठवड्यात कुठे बाळंतपण अडले, कुठे मूल गेले, हे प्रत्येकीने सांगायचे आणि बाकीच्यांनी खोदून विचारायचे. जुलाब लागले की मुलाचे पाणी तोडायचे, ही समजूत घरोघरी होती. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे सांगणे सोपे. सासूसमोर ते पाजायचे कसे, हे मात्र डॉक्टरला ठाऊक नव्हते. ज्या बाईने ते करून दाखवले होते, तिलाच ठाऊक होते. चुकलेलीही तिथे बोलू शकत होती, कारण ऐकणाऱ्या तिच्यासारख्याच होत्या.

मागे दवाखाना होता, अवघड रुग्णाला हात देणारे डॉक्टर होते, हेही विसरता कामा नये. तरी पंचवीस वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा तिशीखाली आला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांची तुलना त्यांनी डॉक्टरांशी केली: देखणी, महाग, हाताला न येणारी. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या आणि एकीने दुसरी पेटवून दाखवली.

2005 नंतर देशभर ‘आशा’ आल्या. गावातलीच बाई, हा भाग सरकारने उचलला. बैठकीचा आणि मुक्कामाचा भाग फारसा उचलला नाही. त्याऐवजी प्रशिक्षणाचे दिवस, पुस्तिका, नोंदवह्या आणि आता मोबाईलवरची माहिती भरणे. माझ्या ओळखीच्या एका आशाताईंना विचारले, अडले तर कुणाला विचारता? त्या म्हणाल्या, शेजारच्या गावातल्या आशाला फोन लावते, रात्री, पोरे झोपल्यावर.