गवत, म्हैस आणि कमला भागवत

१/ येलदरी जलाशयाकाठचे गवत आणि ते चरणारी म्हैस. गवताच्या पेशीला भित्तिका व हरितलवके असतात. म्हशीच्या पेशीत दोन्ही नाहीत. श्वसनाचे यंत्र मात्र दोघांतही एकच: तंतुकणिका. तेथे सायटोक्रोम-सी हे प्रथिन इलेक्ट्रॉन वाहून नेते.

२/ हे साम्य उलगडण्यात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला.

३/ पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना त्यांनी वनस्पतींतही सायटोक्रोम-सी असल्याचे दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. ती अट स्वीकारताना त्यांनी अपमान गिळला होता, हेही इतिहासात नोंदवायला हवे.