‘तुम्हाला कधी अटक झाली होती का?’ : व्हिसाच्या अर्जातला प्रश्न आणि त्याच्या मागचा इतिहास

परदेशी शिष्यवृत्ती मिळते, विद्यापीठाचे पत्र येते आणि मग व्हिसाच्या अर्जात हा प्रश्न समोर उभा राहतो. बंदच्या दिवशी गुन्हा दाखल झालेला आंबेडकरी तरुण इथे थबकतो. ‘चोरी थोडीच केलीय? नाही म्हणून टाक,’ असे सांगणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. मित्रांनो, हा सल्ला घातक आहे. पण आधी हा प्रश्न आपल्यालाच का टोचतो, ते पाहू.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे पारधी, कैकाडी अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर पास काढायचा. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही आले. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. काहीही न करता वहीत नाव! १९५२ साली कायदा रद्द झाला, तर १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. वही बदलली, नजर तीच राहिली.

दुसरी नोंद आपण स्वतः ओढवून घेतली, आणि ती अभिमानाची आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. नामांतराच्या लढ्यात तेच झाले, खैरलांजीनंतर तेच, जानेवारी २०१८ च्या बंदनंतरही तेच. जमावबंदी मोडणारा आणि दरोडा घालणारा, अर्जातल्या चौकटीत दोघांचे उत्तर एकच: ‘होय’.

हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे नाही. कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचा पासपोर्ट अमेरिकेने १९५० साली रद्द केला, तो १९५८ मध्ये परत मिळाला. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, नोबेल मिळाले, तरी त्यांचे नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून निघायला २००८ साल उजाडले.

म्हणून खोटे लिहायचे का? मुळीच नाही. अमेरिकेचा अर्ज शिक्षेबरोबर अटकेबद्दलही विचारतो. माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतो. पण नुसत्या अटकेमुळे व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. निव्वळ राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्याला तिथल्या कायद्यात अपवादही आहे. जाणूनबुजून महत्त्वाची माहिती लपवली तर मात्र कायमची बंदी येऊ शकते. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत दार बंद होते. म्हणजे जी केस कदाचित आड आली नसती, तिच्यापायी खोटेपणाचा शिक्का आपणच मारून घ्यायचा!

प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा असतो. कुठे अटक विचारतात, कुठे फक्त शिक्षा आणि प्रलंबित खटला. विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्या. सोबत एफआयआर, आरोपपत्र, निर्दोष सुटल्याचा किंवा खटला मागे घेतल्याचा न्यायालयाचा आदेश आणि त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर ठेवा. आंदोलन कशासाठी होते, ते चार ओळींत लिहा. लाजायचे कारण नाही.

खटला अजून चालू असेल तर पासपोर्टच अडू शकतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तशी तरतूद आहे. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार, खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिल्यास पासपोर्ट मिळतो. तो अर्ज वकिलाकडून प्रवेशाचे पत्र येताच करून घ्या, विमानाचे तिकीट काढल्यावर नव्हे.