लाइन लागते, पान उघडत नाही

२००४च्या सिंहस्थात उज्जैनच्या नानाखेडा बस स्टँडच्या परिसरातल्या सायबर कॅफेंची कामं मी बघायचो. फोनची लाइन एक, मॉडेम एक आणि त्यावर चार-पाच संगणक. मध्ये लिनक्सचा जुना डबा. नंबर तोच फिरवायचा, सगळ्यांना नेट तोच वाटायचा आणि फायरवॉलही तोच.

तक्रार बहुधा ठरलेली: लाइन लागते, पण पान उघडत नाही. याचं मूळ लिनक्सच्या इतिहासात होतं. १९९९च्या २.२ कर्नेलमध्ये फायरवॉलसाठी आयपीचेन्स होतं. आतल्या संगणकाचं पॅकेट बाहेर पडताना इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट या तिन्ही साखळ्यांतून जायचं. जानेवारी २००१ मध्ये २.४ आलं, सोबत रस्टी रसेल आणि सहकाऱ्यांचं आयपीटेबल्स. आता असं पॅकेट फक्त फॉरवर्डमधून जाऊ लागलं. लोकांनी मात्र जुनेच नियम नव्या आज्ञेत उतरवले होते. परवानगी इनपुटमध्ये, गिऱ्हाईक फॉरवर्डमध्ये अडकलेलं!

मी आधी थेट आयपी पत्त्यावर पिंग करायचो. ते गेलं आणि नावाने अडलं, तर डीएनएसची उत्तरं, म्हणजे यूडीपी ५३, कुठेतरी गळतायत. मग नियमांची यादी काढायची, पण ‘-एन’ लावूनच. नाहीतर ती यादी पत्त्यांची नावं त्याच अडलेल्या डीएनएसला विचारत बसते. ‘-व्ही’ने प्रत्येक नियमापुढे पॅकेटांचा आकडा दिसतो. पान उघडायला लावायचं, यादी पुन्हा काढायची. ड्रॉपपुढचा आकडा वाढला की चोर सापडला.

दुसरं दुखणं पत्त्याचं. लाइन तुटून पुन्हा लागली की पत्ता बहुधा नवा मिळे आणि जुना पत्ता लिहिलेला नियम निकामी. म्हणून नियम पत्त्याला नव्हे, ‘पीपीपी-झिरो’ला, म्हणजे डायल-अपच्या इंटरफेसला बांधायचा. मास्करेड हा नियम अशा लाइनसाठीच होता: तो पत्ता स्वतः बघतो आणि लाइन पडली की जुनी जोडणी विसरतो. मला आजही ही फार शहाणी रचना वाटते.

सिंहस्थ आटोपत आला असताना, ३० एप्रिलच्या सुमारास, सॅसर हा किडा जगभर पसरू लागला. तो पोर्ट ४४५ मधून विंडोजमध्ये शिरायचा. जिथे विंडोजलाच मॉडेम लावलेला होता तिथले संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत. लिनक्सच्या डब्यामागचे चालू राहिले.

डायल-अप गेलं. पण आयपीटेबल्सच्या माहितीपानात मास्करेडपुढे आजही लिहिलेलं आहे, की तो बदलत्या पत्त्याच्या, म्हणजे डायल-अप जोडणीसाठीच वापरावा.