गुंडेल : बुडापेस्टच्या एका पाकशाळेची वाटचाल

वयाची तिशीही न गाठलेल्या कारोय गुंडेल यांनी 1910 साली बुडापेस्टच्या प्राणिसंग्रहालयाला लागून असलेलं एक रेस्टॉरंट चालवायला घेतलं. जागा नवी नव्हती. 1894पासून ते वाम्पेतिच या मालकाच्या नावाने ओळखलं जाई. वारोशलिगेत हे शहराचं लाडकं उद्यान, 1896च्या सहस्राब्दी सोहळ्यासाठी नटलेलं. त्याच वर्षी सुरू झालेली भुयारी रेल्वे लोकांना थेट तिथवर आणून सोडत होती. गिऱ्हाइकांची वाण नव्हती. तरीही पुढच्या तीस वर्षांत कारोय यांनी या जागेचं जे केलं, ते एका यशस्वी धंद्यापुरतं मोजता येत नाही. हंगेरीला जाणारा प्रवासी आज ज्याला ‘हंगेरियन जेवण’ म्हणतो, त्याच्या घडणीत या घराचा फार मोठा वाटा आहे.

ही वाटचाल खरं तर त्यांच्या वडिलांपासून सुरू होते. यानोश गुंडेल यांचा जन्म 1844 साली बव्हेरियातल्या आन्सबाख इथला. पोरवयात पेश्तला आलेला हा जर्मन मुलगा वाढप्याच्या हाताखाली उमेदवारी करत वर चढला, स्वतःची रेस्टॉरंटं काढली आणि शहरातल्या हॉटेलवाल्यांचा पुढारी झाला. परक्या मुलखातून आलेल्या या माणसाने आपल्या नव्या देशाला एक पदार्थ दिला : पालोत्स सूप.

त्याची हकिकत हंगेरीत घरोघरी सांगतात. काल्मान मिक्सात हे मोठे कथाकार. उत्तरेकडच्या डोंगराळ पालोत्स मुलखातल्या माणसांवर लिहिलेल्या कथांनी त्यांना नाव मिळवून दिलं होतं. या मानाच्या पाहुण्यासाठी यानोश यांनी 1892च्या सुमारास एक नवं सूप रांधलं आणि त्या मुलखाचं नाव त्याला दिलं. मेंढीच्या मांसाचे बारीक तुकडे, कांदा, लसूण, शहाजिऱ्याच्या जातीचं कॅरावे, तमालपत्र आणि लाल पाप्रिका. फरसबी आणि बटाटा वेगळा शिजवून त्यात सोडायचा आणि शेवटी आंबट साय घालून सगळं मिळून आणायचं. तिखटाचा रंग आणि सायीचा आंबटपणा एकाच वाटीत येतो आणि कॅरावेचा वास मागे रेंगाळतो. हंगेरीत एकच सूप घ्यायची सवड असेल, तर मी हेच घ्या म्हणेन, गुलाशच्याही आधी.

कारोय यांचा जन्म 1883चा. स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड इथल्या मोठ्या हॉटेलांत ते शिकून आले. त्या काळी युरोपभर उंची जेवण म्हणजे फ्रेंच जेवण असंच समीकरण होतं. आपल्या मेनूतून पाप्रिका हद्दपार करून कारोय यांनी सगळं पॅरिसच्या धर्तीवर केलं असतं, तरी कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी तसं केलं नाही. फ्रेंच शिस्त घेतली, सॉसची नजाकत घेतली आणि ती गावाकडच्या पदार्थांच्या सेवेला लावली. बालातोन सरोवरातला फोगॉश हा पांढऱ्या मांसाचा मासा, खाली पालक आणि वर चीज घातलेला दुधाचा सॉस. ‘गुंडेल पद्धतीचा फोगॉश’ म्हणून हा पदार्थ आजही मागवला जातो.

प्रवाशाची सगळ्यात मोठी गफलत गुलाशपाशी होते, म्हणून इथे थोडं थांबतो. परदेशी हॉटेलांत गुलाश म्हणून जे दाट मांस वाढतात, तो हंगेरीत वेगळाच पदार्थ आहे. त्याला प्योर्क्योल्त म्हणतात. हंगेरीचा गुयाश हे सूप आहे. मैदानी प्रदेशातले गुराखी उघड्या जाळावर टांगलेल्या लोखंडी कढईत, म्हणजे बोग्राचमध्ये, ते शिजवत. गोमांस, कांदा, पाप्रिका, पुढे बटाटाही आला आणि चिमटीने तोडून टाकलेले कणकेचे बारीक गोळे. प्योर्क्योल्तमध्ये पाणी अगदी बेताचं. मांस कांद्याच्या आणि स्वतःच्या रसात शिजतं. त्यात आंबट साय घातली की झाला पॉप्रिकाश, बहुतेक वेळा कोंबडीचा, सोबत नोकेदली हे मऊ उकडलेले पिठाचे तुकडे. तिन्ही पदार्थांचं मर्म एकाच कृतीत आहे. डुकराच्या चरबीत कांदा सावकाश परतायचा, मग भांडं आचेवरून खाली उतरवायचं आणि त्यानंतरच पाप्रिका घालायची. तिच्यातली साखर चटकन करपते आणि कडवटपणा सगळ्या भांड्यात उतरतो.

ही पाप्रिका म्हणजे आपल्या मिरचीचीच बहीण. दोघी अमेरिका खंडातल्या. एक पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली, दुसरी तुर्की अमलाच्या काळात हंगेरीत पोचली. तिथे सेगेद आणि कॉलोचॉ ही तिची दोन गावं. सेगेदमध्ये एकोणिसाव्या शतकात शिरा आणि बिया वेगळ्या काढून दळण्याची पद्धत बसली, तिखटपणा उतरला आणि रंग-स्वाद राहिला. चमचाभराऐवजी मूठभर घालता येऊ लागली, म्हणून हे रस्से इतके लालबुंद. याच सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी पाप्रिकेतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळवलं. 1937च्या नोबेल पुरस्कारामागे ते काम होतं.

1920 आणि 30च्या दशकांत गुंडेल कीर्तीच्या शिखरावर होतं. 1927पासून गेलर्ट हॉटेलचं रेस्टॉरंटही कारोय यांच्याकडे आलं. 1939च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात हंगेरीच्या दालनातलं जेवण गुंडेलचं होतं. त्यांनी लिहिलेलं हंगेरियन पाककृतींचं आटोपशीर पुस्तक परदेशी वाचकांपर्यंत गेलं. पुढे मुलांनी ते जपलं, वाढवलं आणि अनेक भाषांत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मला या घराण्याचं हे सर्वात मोठं काम वाटतं. आपल्या भटारखान्यातली गुपितं कागदावर उतरवून देणारा व्यावसायिक विरळा.

कारण पुढे जे झालं, त्यात भिंती गेल्या आणि पाककृती उरल्या. 1949 साली कम्युनिस्ट राजवटीत रेस्टॉरंटचं राष्ट्रीयीकरण झालं. तेरा मुलांचे वडील आणि आयुष्यभराचा धंदा उभा केलेले कारोय 1956 साली वारले, तेव्हा ते घर त्यांचं राहिलेलं नव्हतं.

याच काळाशी गुंडेल पॉलॉचिंताची गोष्ट जोडलेली आहे. पातळ धिरड्यात अक्रोड, रममध्ये भिजवलेले बेदाणे आणि संत्र्याच्या सालीचं सारण, वरून दाट चॉकलेट सॉस. असं सांगितलं जातं, की ही कृती मूळची कादंबरीकार शान्दोर माराई यांच्या पत्नीची. आधी ती माराईंच्या नावानेच मिळे. माराईंनी 1948 साली देश सोडला, त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि मेनूवर दुसरं नाव चढलं. काही ठिकाणी पॉलॉचिंता टेबलापाशी रम ओतून पेटवतात. त्या ज्वाळेची तिला अजिबात गरज नाही.

सरकारी अमलातही स्वयंपाकघरातली माणसं कसबी होती, हे आवर्जून सांगायला हवं. शोमलोई गॉलुश्का ही त्यांचीच देणगी. मुख्य वाढपी कारोय गोलेरिच यांनी ती कल्पिली, मिठाईकार योझेफ स्योच यांनी ती घडवली आणि 1958च्या ब्रसेल्स प्रदर्शनात ती जगापुढे आली. केकचे थर, अक्रोड, बेदाणे, रमचा पाक, फेटलेली साय, चॉकलेट. चमच्याने गोळे काढून वाढतात. आज ती हंगेरीतल्या साध्या खानावळीतही मिळते.

1992मध्ये दोन अमेरिकनांनी गुंडेल पुन्हा उभं केलं : उद्योगपती रोनाल्ड लॉडर आणि रेस्टॉरंट क्षेत्रातले दिग्गज जॉर्ज लँग. लँग मूळचे सेकेशफेहेरवारचे ज्यू. आईवडील आउश्वित्झमध्ये मारले गेले. ते स्वतः 1946मध्ये न्यू यॉर्कला पोचले आणि 1971मध्ये हंगेरीच्या पाककलेवर भक्कम ग्रंथ लिहिला. ज्या देशाने आपलं घर हिरावलं, त्याच देशाच्या भटारखान्याचा मान परत मिळवून द्यायला हा माणूस आला. त्यांनी शेजारीच ‘बॉगोयवार’ हे दुसरं रेस्टॉरंट काढलं. तिथे स्वयंपाकापासून वाढण्यापर्यंत सगळ्या स्त्रिया होत्या, आणि जेवण आजीच्या हातचं वाटावं असं. पिढ्यान्‌पिढ्या घरी रांधणाऱ्या बायकांचं ऋण मोठ्या रेस्टॉरंटने असं उघड मान्य करावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. गुंडेलचं जेवण महाग आहे. रोजचं जेवण शहरातल्या साध्या खानावळीत आणि बाजारात घ्या. लसूण चोळलेला, वर आंबट साय आणि चीज घातलेला गरम लांगोश, म्हणजे तळलेला चपटा पाव, उभ्याने खा. मिरची, टोमॅटो, कांद्याचा लेचो. थंडगार आंबट चेरीचं सूप. खसखस किंवा गोड चक्का भरलेला रेतेश, म्हणजे पातळ पापुद्र्यांची गुंडाळी. शाकाहारी माणसाने फ्योझेलेक जरूर मागवावा. तो आपल्या दाटसर पातळभाजीसारखा असतो. मात्र चरबी आणि मांसाचं पाणी कुठेही असू शकतं, तेव्हा प्रत्येक वेळी स्पष्ट विचारा. गोमांस-डुक्कर न खाणाऱ्यांना कोंबडीचा पॉप्रिकाश आणि मासे आहेत, तिथेही चरबीबद्दल विचारावंच लागेल.

गुंडेलला जायचं ठरलं, तर तुमच्या मुक्कामात ते कोणत्या वेळी उघडं असतं ते आधी पाहून घ्या आणि पिवळ्या भुयारी रेल्वेने वीरांच्या चौकात उतरा. तिथून चालत काही मिनिटांवर ते आहे. ज्या रस्त्यावर ते उभं आहे, त्याला आता कारोय गुंडेल यांचंच नाव आहे.