शेंडेनक्षत्र, धूमकेतू आणि चाकणचं आकाश

पिंपरी-चिंचवडमध्ये धूमकेतूवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. शिवाजी महाराज गेले त्या वर्षी शेंडेनक्षत्र उगवलं होतं, हे खरं का? खरं आहे. फक्त क्रम नीट लावू या.

महाराजांचं निधन 3 एप्रिल 1680 चं, शके 1602 ची चैत्र पौर्णिमा. धूमकेतू सापडला 14 नोव्हेंबरला. जर्मनीतल्या कोबुर्ग गावी गॉटफ्रीड किर्श दुर्बिणीतून चंद्र आणि मंगळ बघत होता, तेव्हा त्याच्या नजरेस तो पडला. दुर्बिणीतून सापडलेला हा पहिला धूमकेतू. जुन्या-नव्या इंग्रजी पंचांगातला दहा दिवसांचा फरक धरला, तरी मध्ये सात महिने गेलेले आहेत. म्हणजे आधी निधन, मग धूमकेतू. नोव्हेंबरात उगवलेली गोष्ट एप्रिलची सूचना कशी देणार? आणि डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळच्या आकाशात त्याची प्रचंड शेपटी दिसत होती, त्याच जानेवारीत, 1681 मध्ये, रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मग शकुन म्हणायचा की अपशकुन? लोकांची आठवण दोन मोठ्या गोष्टी एकाच गाठीत बांधते. त्यात लबाडी नसते, पण इतिहास सांगताना ती गाठ सोडवावी लागते.

गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडातही गाठीचाच वाद चालू होता. नोव्हेंबरात पहाटे दिसलेला आणि डिसेंबरात संध्याकाळी दिसलेला धूमकेतू एकच की दोन? फ्लॅमस्टीड म्हणत होता, एकच, सूर्याजवळ जाऊन वळून आलाय. न्यूटनला आधी ते पटलं नव्हतं. पुढे पटलं, आणि 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने याच धूमकेतूची कक्षा मांडली. त्या पायावर हॅलीने 1682 च्या धूमकेतूचा हिशेब केला आणि तो 1758 च्या सुमारास परतेल असं सांगितलं. तो परतला, तेव्हा हॅली जाऊन सोळा वर्षं झाली होती.

आता शेपटी. आपल्याकडे दोन शब्द आहेत, शेंडेनक्षत्र आणि धूमकेतू. एकात शेंडी, दुसऱ्यात धुराचं निशाण. ग्रीक शब्दाचा अर्थही लांब केसांचा असाच. शब्द छान आहेत, पण दोन्ही थोडे फसवतात. शेपटी धूमकेतूच्या मागे मागे फरफटत येते असं वाटतं. चाकणच्या रस्त्यावर ट्रकमागे धुरळा उडतो, तसं. तसं नसतं. धूमकेतूचं केंद्र म्हणजे काही किलोमीटरचा बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्य जवळ आला की बर्फाची थेट वाफ होते आणि ती धूळही सोबत घेऊन निघते. धुळीला सूर्यप्रकाशाचा दाब ढकलतो, तिची शेपटी जराशी वाकडी आणि पिवळट. विद्युतभारित वायूला सौरवारा ढकलतो, ती शेपटी सरळ आणि निळसर. दोन्ही सूर्याच्या विरुद्ध दिशेला. म्हणून सूर्यापासून परत निघालेला धूमकेतू शेपटी पुढे धरून चालतो! कारखान्याच्या धुराड्याकडे बघून वारा कुठला ते आपण ओळखतो. 1951 मध्ये लुडविग बीरमान यांनी अशाच शेपट्यांवरून सूर्याकडून सतत कणांचा झोत येतो, हे ओळखलं. त्या वेळी एकही यान अंतराळात गेलेलं नव्हतं.

नावाचं म्हणाल, तर शोधणाऱ्याचं नाव लागतं. भारतीयाचं ठळक उदाहरण वेणू बाप्पूंचं. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत, मुलगा हार्वर्डला शिकायला गेलेला. 2 जुलै 1949 च्या काचेवर त्यांना अनोळखी ठिपका दिसला. बार्ट बोक आणि गॉर्डन न्यूकर्क या सहकाऱ्यांसह तो बाप्पू-बोक-न्यूकर्क झाला. आजच्या पद्धतीत तो सी/1949 एन1. एन म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा, 1 म्हणजे त्यातला पहिला.

आणि आपलं आकाश? 2024 च्या दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, त्सुचिनशान-अ‍ॅटलस पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. त्यानंतरच्या एका संध्याकाळी आम्ही चाकण चौकाजवळ उभे राहिलो. दिवे, धूळ, ढग. काहीच दिसलं नाही. भामा आसखेड धरणाच्या अंगाला गेलो, तेव्हा पश्चिमेला आधी दुर्बिणीतून सापडला आणि मग नुसत्या डोळ्यांनीही. याच नाशिक रस्त्याने पुढे गेल्यावर आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. तीही अंधार शोधतच तिकडे गेलेली.

तरी नाइट शिफ्टवाल्या मित्रांना सांगतो, अंधार नसला तरी शोध थांबत नाही. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या चित्रांत मार्च 2024 पर्यंत 5000 धूमकेतू सापडले, आणि त्यांतले बहुतेक घरी बसून चित्रं तपासणाऱ्या हौशी लोकांनी शोधले. नाव मात्र सोहोचंच लागतं, हे आधीच सांगून ठेवतो. चित्रं इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेत. पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या, ती कशी बघायची ते दाखवतो.